बायोसमधली सेटिंग बदलली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, दिवाळी अंकातल्या जाहिराती. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, माझा कॉम्प्युटर बंद पडला आणि तो मीच बंद पाडला होता. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार, म्हणून विंडोज ११ टाकायला घेतलं. तपासणीच्या ॲपने सांगितलं की सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सेटिंग) हवं. एक व्हिडिओ बघून मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये गेले, 'सीएसएम' नावाची सेटिंग बंद केली आणि सेव्ह करून बाहेर पडले. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबलं तरी विंडोज येईना. दर वेळी बायोसचंच पान समोर.

दुकानात नेला. तिथल्या मुलाने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्कचा प्रॉब्लेम आहे. फॉरमॅट मारावं लागेल." त्या डिस्कवर सहा वर्षांच्या श्रीलिपीतल्या फाइली होत्या. दर वर्षी तारीख आणि देणगीदार बदलून पुन्हा छापली जाणारी मंडळांची पुस्तकं, कितीतरी घरांच्या पत्रिका. हो म्हणायला जीभ उचलेना, कॉम्प्युटर उचलून घरी आणला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर वाचत वाचत तीच एक सेटिंग परत चालू केली, आणि मिनिटभरात माझा डेस्कटॉप समोर होता. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुमच्या फाइली डिस्कवर असतात, बायोसच्या सेटिंग्ज मदरबोर्डवर असतात. एकीकडची सेटिंग बदलल्याने दुसरीकडच्या फाइली पुसल्या जात नाहीत. विंडोजकडे जाण्याचा रस्ता तेवढा बंद होतो, आणि तो जवळजवळ नेहमी परत उघडता येतो.

(नव्या मशीनमध्ये जे असतं त्याचं खरं नाव यूईएफआय. पण घरीदारी सगळे बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.)

हाताशी काय ठेवाल

- वायरचा यूएसबी कीबोर्ड. ब्लूटूथ कीबोर्ड बायोसमध्ये बहुधा चालत नाही.
- फोटो काढायला आणि शोधाशोध करायला मोबाइल
- चपटा किंवा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर
- सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल. घड्याळाच्या दुकानात मिळतो.
- मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं मॉडेल एका कागदावर लिहून
- तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड
- ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह; लागेलच असं नाही

१. थांबा, आणि काय बदललं ते लिहून काढा

घाबरल्यावर आपण आणखी चार सेटिंग्ज बदलतो आणि मूळ कारण हरवून बसतो. आधी कागद घ्या. शेवटच्या वेळी बायोसमध्ये गेलात तेव्हा काय काय दाबलं? सिक्युअर बूट? सीएसएम किंवा लेगसी? साटा मोड (डिस्क कुठल्या पद्धतीने वाचायची ते ठरवणारी सेटिंग)? रॅमचा वेग? व्हॅलोरंटसारख्या खेळाला विंडोज ११ वर टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, त्यामुळे घरातल्या मुलांनी परस्पर काही बदललं आहे का तेही विचारा. रागावून विचारलंत तर खरं कळणार नाही.

आता बायोस उघडत असेल तर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढे याच फोटोंवर सगळं चालतं.

दोन पर्यायांना मात्र काही झालं तरी हात लावायचा नाही: डिस्क साफ करणारा सिक्युअर इरेज आणि टीपीएम क्लिअर. पहिला डिस्कच पुसतो. दुसऱ्याबद्दल पायरी ७ मध्ये सांगते.

२. गाडी कुठे अडते ते बघा

- पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते: पायरी ३.
- लोगो दिसतो, मग 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' येतं, किंवा परत परत बायोसच उघडतो: पायरी ४ आणि ५.
- विंडोज सुरू व्हायला लागतं आणि निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं: पायरी ६.
- ४८ अंकी रिकव्हरी की मागतो: थेट पायरी ७.

३. स्क्रीन काळीच असेल तर

रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो, चालू केलं असेल तर आधी थांबायला शिका. बोर्ड नवा वेग जमतो का ते पडताळत असतो. त्यात तो दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो, आणि डीडीआर५ रॅमला यात काही मिनिटं जाऊ शकतात. दहा मिनिटं तसाच राहू द्या. जमलं नाही तर बरेच बोर्ड स्वतःच जुन्या वेगावर येतात.

सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन गेली आणि तुमचं ग्राफिक्स कार्ड बरंच जुनं आहे, तर दोष कार्डाकडे असू शकतो. जुन्या कार्डांना यूईएफआयची भाषा येत नाही, त्यामुळे ती चित्रच दाखवत नाहीत. कॉम्प्युटर बंद करा, कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, मग हा उपाय चालणार नाही. त्या वेळी कुणाचं तरी नवं कार्ड तासभर मागून आणावं लागतं.

याने भागलं नाही तर सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा करायच्या. डेस्कटॉपवर ते असं करा:

कॉम्प्युटर बंद करा. मागचा एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) काळा स्विच बंद करा आणि वायर काढा. इथे आपल्याकडे हमखास चूक होते: घरातली लाइट गेलेली असली किंवा भिंतीवरचं बटण बंद असलं तरी यूपीएस वीज देतच असतो. म्हणून वायर प्रत्यक्ष काढायची. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बोर्डावर छोटा दिवा असेल तर तो विझलेला हवा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

आता बोर्डावर दोन पिनांची जोडी शोधा. कुठे तिच्याजवळ 'क्लिअर सीमॉस' अशा अर्थाची अक्षरं असतात, कुठे 'जेबॅट१', कुठे 'सीएलआरटीसी'. ती बहुधा सेलच्या आसपास असते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना एकाच वेळी टेकवा आणि शांतपणे दहा मोजा. नेमकी हीच जोडी आहे याची मॅन्युअलमध्ये खात्री करा. चुकीच्या पिना जोडू नका.

पिना सापडल्या नाहीत तर सेल काढा. त्याच्या कडेला धातूची बारीक पट्टी असते. ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. परत बसवताना अधिकची खूण आणि अक्षरं वरच्या बाजूला. कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांचा असेल तर त्याच वेळी नवा सेल घाला.

लॅपटॉपमध्ये हे तितकं सरळ नाही. बऱ्याच लॅपटॉपांत सेटिंग्ज वेगळ्या चिपमध्ये लिहिलेल्या असतात, सेल काढूनही जात नाहीत. तिथे चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. काही थिंकपॅडना खालच्या बाजूला सुईच्या टोकाने दाबायचं रीसेटचं बारीक छिद्र असतं. याउपर लॅपटॉप स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नका, आतल्या पट्ट्या फार नाजूक असतात.

४. बायोसमध्ये शिरा, पण 'डिफॉल्ट' वर आंधळा विश्वास नको

असेंबल केलेल्या मशीनवर बहुधा डिलीट की. डेलवर बायोससाठी एफ२ आणि बूट मेन्यूसाठी एफ१२, एचपीवर एफ१० आणि एफ९, थिंकपॅडवर एफ१ आणि एफ१२, एसर आणि असूसच्या लॅपटॉपांवर बायोससाठी एफ२. बटण दाबल्याबरोबर ती की टकटक दाबत राहायची. फास्ट बूटमुळे संधीच मिळत नसेल आणि विंडोज अधूनमधून येत असेल, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूटमधून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्जवर जा.

जिथे तिथे सल्ला मिळतो की 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करा, सगळं ठीक होईल. काळ्या स्क्रीनवर तो उपाय खरा. पण डिफॉल्ट म्हणजे कंपनीने ठरवलेली मांडणी. तुमचं विंडोज ज्या मांडणीवर टाकलं गेलं, ती वेगळी असू शकते. असेंबल करणाऱ्याने सीएसएम चालू करून विंडोज टाकलं असेल आणि बोर्डाचं डिफॉल्ट सीएसएम बंद असं असेल, तर डिफॉल्ट केल्यावरही विंडोज येणार नाही. साटा मोडचं तसंच, टीपीएमचंही तसंच. म्हणून डिफॉल्ट केल्यावर लगेच तुमच्या कागदाकडे बघा आणि आधी जे होतं ते एकेक करून परत लावा. एका वेळी एकच बदल, मग सेव्ह, मग सुरू करून बघा.

५. बूट डिव्हाइस सापडत नाही

सगळ्यात साधं कारण आधी तपासा. पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर, सगळं काढा. बूट ऑर्डरच्या पानावर जा. यूईएफआय पद्धतीने टाकलेलं विंडोज असेल तर पहिल्या क्रमांकावर 'विंडोज बूट मॅनेजर' हवं. तिथे नुसतं डिस्कचं नाव असेल तर बऱ्याचदा तेवढ्यानेच अडतं. डिस्कच यादीत दिसत नसेल तर कॅबिनेट उघडलं तेव्हा साटाची केबल सैल झाली का ते बघा.

आता माझी अडचण. विंडोज सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी लेगसी, जिला एमबीआर प्रकारची डिस्क लागते. नवी यूईएफआय, जिला जीपीटी प्रकारची डिस्क लागते. सीएसएम म्हणजे नव्या बोर्डाला जुनी पद्धत चालवू देणारा दुभाषा. माझं विंडोज २०१९ मध्ये जुन्या पद्धतीने एमबीआर डिस्कवर टाकलेलं होतं. दुभाषा काढून टाकल्यावर बोर्डाला डिस्क दिसत होती, पण तिच्यावरचं विंडोज ओळखू येत नव्हतं.

तुमचंही असंच झालं असेल तर सीएसएम परत चालू करा, सिक्युअर बूट बंद करा, बूट मोड लेगसी किंवा 'लेगसी अँड यूईएफआय' ठेवा, सेव्ह करा. विंडोज यायला हवं.

मग सिक्युअर बूटचं काय? ते करता येतं, फक्त क्रम उलटा आहे. आधी डिस्क बदलायची, बायोस नंतर. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा आणि बायोस मोडसमोर लेगसी आहे की यूईएफआय ते बघा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्समध्ये पार्टिशन स्टाइल बघा. एमबीआर असेल तर मायक्रोसॉफ्टचंच 'एमबीआरटूजीपीटी' हे टूल विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आत आलेलं आहे. ते फाइली न पुसता डिस्क बदलतं. त्यात आधी तपासणीचा पर्याय चालवायचा, तो पास झाला तरच डिस्क बदलायची. त्याच्याही आधी फाइलींचा बॅकअप, कारण मध्येच लाइट गेली तर काय होईल ते सांगता येत नाही.

इथे आपल्याकडचा एक खास सापळा आहे. दुकानदार कॉम्प्युटर देताना सी, डी, ई असे भाग पाडून देतात. या टूलला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालतात, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग अजिबात चालत नाहीत. विंडोजचा लपलेला सिस्टीम रिझर्व्ह्ड भाग धरला की सी-डी-ईचे चार होतात, आणि तपासणीच नापास होते. माझी झाली. मी ई मधल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर नेल्या, तिथे दहा-पंधरा उघडून पाहिल्या, मगच ई आणि त्याच्या भोवतीचा एक्स्टेंडेड भाग काढून टाकला. मग टूल चाललं, मग सीएसएम बंद, मग सिक्युअर बूट चालू. या वेळी विंडोज पहिल्या फटक्यात आलं. तुमचा डी सुद्धा एक्स्टेंडेडमध्येच असेल तर त्यातलंही सगळं हलवावं लागेल. तेवढी जागा किंवा सवड नसेल तर घाई करू नका, काम संपेपर्यंत सीएसएम चालू ठेवा.

६. निळी स्क्रीन: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस

हे बहुतेक वेळा साटा मोड बदलल्याने होतं: 'रेड' मोडवरून 'एएचसीआय' मोड केल्यामुळे, किंवा इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांवर 'व्हीएमडी' ही डिस्कचीच सेटिंग बंद केल्यामुळे. लिनक्स टाकताना इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, म्हणून लोक ही सेटिंग बदलतात. डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हर विंडोजने चालू केलेला नसतो, म्हणून ते अडतं.

सेटिंग होती तशी परत करा, विंडोज येईल. खरंच बदलायची असेल तर आधी विंडोजमध्ये 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि हवा तो ड्रायव्हर उचलेल. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. दोन-तीन डिस्क जोडून बनवलेलं खरं रेड असेल तर मात्र हे करू नका.

७. ४८ अंकी की मागतोय

हे नव्या लॅपटॉपांवर होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट किंवा टीपीएममध्ये फरक पडला की हे कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरला संशय येतो आणि तो की मागतो.

पहिलं काम, बदललेली सेटिंग पूर्ववत करा. अनेकदा की न विचारताच विंडोज उघडतं. सीमॉस क्लिअर केल्यावर टीपीएम बंद झालं असेल तर ते चालू करा. इंटेलवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम.

तरीही मागत असेल तर मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा आणि डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की शोधा. स्क्रीनवर दिसणारा की आयडी आणि तिथला आयडी जुळवा, मग सहा-सहा अंकांचे आठ गट टाका. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं, म्हणजे चूक होत नाही.

की तुमच्या अकाउंटमध्ये नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा कुणी सुरू करून दिला ते आठवा. पुष्कळदा दुकानातला माणूस स्वतःच्या ईमेलवर सगळं चालू करून देतो, किंवा मुलीच्या कॉलेजच्या अकाउंटने साइन इन झालेलं असतं. की त्यांच्याकडे असते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे मिळते. की सापडेपर्यंत टीपीएम क्लिअर करायचं नाही. ते केलं की सेटिंग पूर्ववत करण्याचा रस्ता संपतो आणि फक्त की उरते. ती नसेल तर फाइली गेल्या, कुणीही काढून देऊ शकत नाही.

पुढच्या वेळी बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा.

८. विंडोजसोबत उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर

सीमॉस क्लिअर केल्यावर कधी कधी बूट यादीतली उबुंटूची नोंद पुसली जाते आणि थेट विंडोज उघडतं. उबुंटू डिस्कवर शाबूत असतं. आधी बूट ऑर्डर बघा, नाहीच दिसलं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) ग्रब, म्हणजे उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्रॅम, पुन्हा बसवा.

९. सुरू झाला? लगेच एवढं करा

तारीख आणि वेळ तपासा. सीमॉस क्लिअर केल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग बँकेची वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. लोकांना वाटतं इंटरनेट बिघडलं. दर वेळी बंद केल्यावर तारीख मागे जात असेल तर सेल संपला आहे.

मग फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. आणि आता चालू असलेल्या बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो. मी त्यांची प्रिंट काढून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

१०. दुकानात न्यायचीच वेळ आली तर

सीमॉस क्लिअर करूनही स्क्रीन काळी, बायोसला पासवर्ड लागलेला, किंवा बायोसमध्ये डिस्कच दिसत नाही, अशा वेळी जाणकाराकडे न्या. जाताना तुमचा कागद आणि फोटो सोबत घ्या आणि पहिलं वाक्य हेच बोला: "बायोसमध्ये अमुक सेटिंग बदलल्यावर बंद पडलाय. फॉरमॅट करायचा नाही, मला विचारल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही." पावतीवरही तेच लिहून घ्या. डिस्कच खराब आहे असं सांगितलं तर ती बाहेर काढून यूएसबीच्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला तुमच्यासमोर जोडायला सांगा. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर तिथेही की विचारेल, ती जवळ ठेवा. फोल्डर उघडले, तर डिस्क चांगली आहे. तिथल्या तिथे फाइली कॉपी करून घ्या.